ज्याची त्याची गुणगुण

डोमाजी तुमच्या फाटकाशी थांबले आणि त्यांनी डोळे मिटले, की दोन गोष्टी समजायच्या. एक, तुमच्या घरात कुणीतरी गुणगुणतंय. दोन, ते माणूस आता फार दिवस गुणगुणणार नाही. पहिली गोष्ट नेहमी खरी असायची. दुसरी आमच्या एकोडी गावाचा समज होता, आणि समज एकदा रुजला की त्याला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं.

आणीबाणी उठली त्या साली मी लग्न होऊन भंडाऱ्याहून एकोडीला आले. पहिल्याच आठवड्यात अंगणात तांदूळ निवडत बसले होते. आत चुलीपाशी मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसता सूर. तो एकदम तुटला. मी मान वर केली तर फाटकाशी एक उंच, वाळलेला म्हातारा उभा. धोतर, बंडी, काखेत लाल फडक्यात बांधलेली वही, आणि डोळे मिटलेले. उन्हात माणूस असा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

मामीजी दारात आल्या. "काय पायजे जी?"

त्यांनी डोळे उघडले, जरा हिरमुसले. "काही नाही. चालू द्या तुमचं," म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले. मामीजींचा चेहरा पार उतरला होता.

"त्याच्यापुढं गानं म्हन, भजन म्हन," त्या मला म्हणाल्या, "पन गुनगुनू नोको बाई. वहीत गेलं का संपलं."

गाणं आणि गुणगुण यांतला फरक पुढे डोमाजींनीच मला समजावला. गाणं माणूस शिकतो. गुणगुण शिकत नाही. भांडी घासताना, वखर हाकताना, आंघोळीचं पाणी अंगावर घेताना आपल्याही नकळत जे तोंडून निघतं ते त्या माणसाचं स्वतःचं. "गानं गावाचं, गुनगुन ज्याची त्याची," असं ते बोट नाचवून म्हणत. सिनेमातलं काही कुणी गुणगुणू लागला की ते नाक मुरडत. "हे रेडिओचं आहे. उसनं. उसनं आपल्या वहीत बसत नाही." गल्लीच्या टोकाचा बकाराम नेमकं हेच हेरून दिवसभर रेडिओवरचंच घोळत राहायचा. डोमाजी त्याच्या दारापुढून कानावर हात ठेवून जात, आणि बकाराम स्वतःला अमर समजे.

तरुणपणी डोमाजी दंडारीची गाणी रचत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाचगाण्याची दंडार उभी राहते. तिथे त्यांच्या गाण्यांना मोठी मागणी होती. पण सारेगम त्यांना येत नव्हतं. वहीत त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या. वाकड्या रेघा, मध्ये खाचा, आणि बाजूला बारीक अक्षरात 'इथं तंबाखू थुंकते', 'इथं पाठ खाजवते', 'इथं सुनेवर ओरडते'. मी ती वही पाहिली आहे. हसू आलं होतं, आणि मग दचकायलाही झालं, कारण त्यातली निम्मी माणसं जळून राख झाली होती.

त्या वहीचा उपयोग तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला. डोमाजींना तेरवीला कुणी बोलवत नसे आणि कुणी अडवतही नसे. मी पहिली पाहिली ती शेजारच्या गोविंदाजींची. मी सून होऊन आले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता. जेवणं झाली, माणसं ओसरीवर सुपारी कातरत बसली. डोमाजींनी फडकं सोडलं, वही मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि गुणगुणू लागले.

तो डोमाजींचा आवाज नव्हता. घोगरा, ठेंगणा, मध्येच गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या माणसाचा आवाज होता. ठेंगणा आवाज म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही, पण तसाच होता. भरदुपारी माझ्या हातावर काटा आला. गोठ्यातल्या बैलाने रवंथ थांबवला आणि मान वळवून ओसरीकडे पाहिलं. गोविंदाजींची बायको मुकाट्याने उठली, तिने तांब्या भरला आणि गोविंदाजींच्या खाटेच्या पायाशी, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, तिथे आणून ठेवला. ठेवल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं. तेरा दिवसांत न रडलेली ती बाई तिथेच खाली बसून रडली.

"बराबर आहे ना?" डोमाजींनी विचारलं. शिवलेली बंडी गिऱ्हाइकाला घालून बघणाऱ्या शिंप्यासारखं. मग वही बांधून ते घरी गेले.

आता अशा माणसाला गावाने भ्यावं नाही तर काय. त्यांचा हिशेब साधा होता, म्हाताऱ्यांची गुणगुण आधी टिपायची. म्हातारे आधी मरत, आणि गाव बोट डोमाजींकडे दाखवी. आसारामजींच्या दारापुढे ते एकदा विडीभर वेळ थांबले. आसारामजी ठणठणीत, पण त्याच दिवशी त्यांनी अंथरूण धरलं. वरठीच्या कारखान्यातला मुलगा मोटरसायकल हाणत आला, मुली आल्या, गंगाजळ झालं. पंधरा दिवस झाले तरी मरण काही येईना. शेवटी भूक आवरेना म्हणून ते उठले आणि मिरगुंडं-भात मागून जेवले. बातमी कळताच डोमाजी पुन्हा दारात हजर. "बिमारीनं सूर थोडा बदलला असन," म्हणाले. "पुन्हा येकडाव घेऊन घेतो." आसारामजींनी त्यांच्यामागे काठी घेऊन धाव घेतली, तेव्हा ते बरे झाल्याची गावाची खात्री पटली.

मामीजी मात्र हसत नसत. त्यांना गुणगुणल्याशिवाय कामच सुचायचं नाही, एकच सूर, वर्षानुवर्षं. आणि डोमाजींच्या वहाणांची करकर गल्लीत आली की त्यांचं तोंड बंद. त्या मरणाला खरोखर भीत होत्या. पुढे त्या चांगली बारा वर्षं जगल्या, पण तेव्हा ते त्यांना कुठे ठाऊक होतं?

मी पडले शहरातली, जीभ जरा सैल. एकदा तळ्यावर कपडे धूत असताना डोमाजी बैल पाण्यावर घेऊन आले, तेव्हा मी विचारलंच. गावातल्या वडीलधाऱ्यांना मी मामाजीच म्हणे. "मामाजी, हा छंद तरी कायले? लोकं भेतात ना तुम्हाले."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. बराच वेळ बैलाच्या पाठीवर पाणी मारत राहिले, मग सांगू लागले.

त्यांची बायको सगुणा. वीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. दंडार घेऊन ते दूर आंबागडाकडे गेले होते, मागे दोन दिवसांच्या तापाने ती गेली. निरोप पोचून ते परतले तेव्हा राखही सावडून झाली होती. "तेरवीच्या दिवशी बसलो होतो. तिचं चालनं आठवे, भांडनं आठवे. कोन्या बोटात जोडवं ढिलं होतं तेबी आठवे. पन तिची गुनगुन काही केल्या आठवेना. वीस वर्सं येका घरात राह्यलो, सूनबाई. गावाले गानी देल्ली मी. अन् घरच्या बाईचा येक सूर ध्यानात नाही. असा कसा मानूस मी? दुसऱ्या घरी असं होऊ नये म्हनून हे वही."

मी हातातलं कापड पिळायचं विसरले.

"गुनगुन चिकटते," ते म्हणाले. "याच्या तोंडची त्याच्या तोंडी जाते. कोनाजवळ तरी सगुनाची राह्यली असन. म्हनून दारोदार ऐकत फिरून राहिलो. ऐकली का मले आठवनच."

घरी येऊन मी हे सगळं मामीजींना सांगितलं. त्या तांदूळ धूत होत्या. त्यांचा हात पाण्यात तसाच थांबला. त्या दिवसापासून डोमाजी गल्लीत दिसले की त्या घराच्या आत निघून जाऊ लागल्या. मला वाटलं, मरणाची भीती वाढली.

वर्ष गेलं. धान घरात आलं, मंडईचे दिवस सरले. एका सकाळी मी अंगण सारवत होते. शेणाचा हात फिरवता फिरवता कशी कोण जाणे, तंद्री लागली. भानावर आले ती कुणीतरी माझ्या सुरावर हलकेच शब्द ठेवतंय म्हणून.

"गेला पाहुना दूर गावाले, दिवा ठेवजो दारी,
उजेड पाहून वाट पुसन, येईन तो माघारी."

फाटकाशी डोमाजी उभे होते. डोळे उघडे. तेव्हा मला कळलं की मी गुणगुणत होते, आणि काय गुणगुणत होते तेही. मामीजींचाच सूर, त्यांच्याकडून कधी माझ्या तोंडात आला पत्ताच लागला नाही.

"हे तं माझं गानं आहे," डोमाजी म्हणाले. "दंडारीतलं. इतकं सावकास कोनी म्हनत नसे. आता तं कोनी म्हनतच नाही. तुले कोनं शिकवलं?"

"कुणी नाही. मामीजी गुणगुणतात."

"म्हंजे त्यायचंबी उसनंच निंगालं," ते म्हणाले. एवढी वर्षं फाटकाशी फुकट उभे राहिलो, असा त्यांचा चेहरा झाला.

मामीजी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "माझं नाही जी ते," त्या म्हणाल्या. "सगुनाचं आहे."

डोमाजींनी फाटक धरलं.

"धानाच्या रोवन्याले आमी दोघी जोडीनं उभ्या राहो. तिच्या तोंडचं माझ्या तोंडात आलं. मले माझं काही नव्हतंच."

"सगुनाचं? मी कवाच नाही ऐकलं तिच्या तोंडून."

मामीजी खाली पाहत राहिल्या. वर्षभर त्या काय गिळून बसल्या होत्या ते मला तेव्हा समजलं. "तुमी कसे ऐकान जी," त्या म्हणाल्या. "तुमी घरी असले का सगुना चूप राहे. दंडारीसंग गेले का मंग सुरू होय. तुमी येयेपर्यंत."

डोमाजी होते तिथेच खाली बसले. ओल्या सारवणात, पांढऱ्या धोतरासकट. मग त्यांनी विचारलं, "मंग मी विसरलो नाही?"

"विसरान कसे? तुमच्यापर्यंत आलंच नाही ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोमाजींच्या आलं नाही. ते उठले, काखेतली वही त्यांनी माझ्याकडे दिली. "हे तुझ्यापाशी ठेव, सूनबाई. मी लिवत नाही." मग मामीजींना म्हणाले, "वहिनी, येकडाव म्हनान का?"

मामीजींचे ओठ पांढरे पडले. पण त्या अंगणात येऊन बसल्या, माझ्या हातातलं सारवण त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि तोंड उघडलं. सूर निघेना. पुन्हा प्रयत्न केला, नुसता श्वास आला.

"मी आहो म्हनून नाही निंगत ते," डोमाजी म्हणाले. "तळ्याच्या पारीमांगं जाऊन बसतो. मी गावी नाही असं समजा."

ते गेले. धोतरावरचा शेणाचा मोठा डाग तळ्याच्या पाळीवर चढताना दिसला, पलीकडे उतरला. मामीजी सारवू लागल्या. अंगण अर्धं झालं असेल तेव्हा सूर आला. तो मामीजींचा आवाज नव्हता. तरुण होता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा वर चढून थांबत होता. तिथे थांबून मामीजी मान उचलून रस्त्याकडे बघत. रस्त्यावर कुणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा उभा राहिला, पण मी उठले नाही.

सारवण संपलं, ऊन डोक्यावर आलं, मामीजींचा हात सुकलेल्या जमिनीवरच फिरत राहिला आणि सूर चालू राहिला. दुपार कलल्यावर गल्लीत वहाणांची करकर ऐकू आली. त्याबरोबर सूर थांबला.

डोमाजी फाटकाशी आले, आत बघत उभे राहिले.

"आलो मी," ते म्हणाले.