खिळ्यावरचं नान

आयुष्यभर मेंढ्या कापलेल्या तुर्गुनबायला सुईची भीती वाटते, हे मर्गिलानच्या बाजारात कुणाला सांगून पटलं नसतं. पण मुलीने कोरियातून निक्षून बजावलं होतं, "बाबा, काविळीची लस घेतल्याशिवाय माझ्या बाळाजवळ यायचं नाही. आईचं काय झालं ते विसरलात?" विसरेल कसा? काविळीनेच तर शराफतला ताश्कंदच्या इस्पितळात नेलं होतं. ती परत आली नाही.

चालढकल करत त्याने लस निघायच्या दिवसावर आणून ठेवली. सकाळी मोहल्ल्याने पुलाव खाऊन गळे काढले. शेजारी राहणाऱ्या मेहुणीने, सनोबरने, ताजं नान पुढे धरलं. त्याने एक घास तोडला; उरलेलं तिने खिळ्याला टांगलं. ते प्रवाशाने परत येऊनच संपवायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मग तो दवाखान्यात गेला, नर्सने सुई वर धरली आणि गडी आडवा. कपाळाला टाके पडले, विमान गेलं, लस राहिलीच.

गळ्यात पडून रडलेल्यांना आता कोणतं तोंड दाखवणार? दिवेलागणीला तो मागच्या दाराने घरात शिरला. वीज गेलेली. चाहूल लागताच सनोबर धावत आली.

"अगं बाई, दाजी! झालं कोरिया बघून?"

"हळू बोल. मोहल्ला गोळा करशील."

"आलात ना? मग आधी आपलं नान संपवा. अपशकुन नको."

अंधारात चाचपडून त्याने नान काढलं, चहात बुडवलं. कवळी कडकड वाजली.

"सकाळचं नान इतकं कडक?"

"माझ्या हाताला नावं ठेवू नका. खा निमूट."

शेवटचा तुकडा तोंडात गेला आणि दिवे आले. त्याचं नान खिळ्यावर तसंच होतं, भला मोठा घास तोडलेलं. शेजारचा खिळा रिकामा होता. तिथे दोन वर्षं शराफतचं नान होतं. "लवकर तर येणार आहे," म्हणत ताश्कंदला जाताना तिने कडेचा इवलासा घास घेतला होता.

सनोबरने रिकामा खिळा चाचपला. "दाजी, ताईचं खाल्लंत! ते तिने येऊन..."

दोघंही पोटभर रडली. शेवटी तुर्गुनबायने डोळे पुसले. "संपलं ना? मग ती आली असंच म्हणायचं."

सकाळी नर्सने आधीच खाट जवळ ओढून ठेवली होती. सुई टोचली, तरी तो बसूनच राहिला.

"आज एकदम धीट, आजोबा!"

"बायको बरोबर आहे."

"मग बोलवा की आत. त्यांनाही देऊन टाकू लस."

तुर्गुनबायने बाही खाली ओढली. "नको," तो म्हणाला, "तिला आता काही होत नाही."