काढून ठेवलेली फळी

दीनानाथच्या घरात दोन कायदे होते आणि दोन्ही त्यानं एकट्यानं पास केले होते. पहिला, घरात इंग्रजी बंद. दुसरा, जगात टाकाऊ असं काही नसतं!

पहिला कायदा मुलीसाठी होता. ईशानी लंडनच्या हॅरो भागात जन्मली, हॅरोतच शाळेत गेली, आणि बारा वर्षांची होईपर्यंत तिचं मराठी असं झालं होतं की तिच्या तोंडी टेबल कधी ती असायची, कधी तो. "आमची मुलगी घरात शुद्ध मराठी बोलते," असं दीनानाथ मराठी मंडळाच्या कार्यक्रमात छातीठोक सांगायचा. तेव्हा ईशानी शेजारी गप्प उभी राहायची, म्हणून ते खपून जायचं.

दुसरा कायदा परसातल्या शेडसाठी होता. संध्याकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीतून उतरला की दीनानाथ सरळ घरी येत नसे. ज्या गल्लीत कुणी घराचं काम काढलंय त्या गल्लीतून येई, कारण तिथे दारात स्किप उभा असतो. स्किप म्हणजे मोडतोड टाकायचा लोखंडी हौद. बाकीचं हॅरो त्याकडे कचरा म्हणून बघायचं, दीनानाथ रुखवत मांडल्यासारखं बघायचा! मालकाला विचारून, थँक यू म्हणून, तो रोज काहीतरी काखेत मारून आणायचा.

चार वर्षांत शेडमध्ये बरंच तयार झालं होतं. जॅमच्या बरण्यांची झाकणं फळीला खालून ठोकून त्यात स्क्रू ठेवायची सोय केली होती. बरणी फिरवली की झाकण जागेवर आणि स्क्रू डोक्यावर. इस्त्रीच्या टेबलापासून लाकूड कापायची घोडी केली होती, ती करवत लावली की गुडघे टेकायची. माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचं एक स्टूलही होतं. त्यावर आजवर एकदाच कुणीतरी बसलं होतं, आणि तो मीटर रीडिंगवाला पुन्हा कधी फिरकला नाही.

त्याची बायको आसावरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिला पुरावा लागायचा.

"दीनानाथ, मला शेडमध्ये मोठा फ्रीझर ठेवायचाय. एक व्हॅनवाला बुक केलाय पुढच्या शनिवारचा. तो सगळं टिपवर नेऊन टाकेल."

टिप म्हणजे कौन्सिलचा कचरा डेपो. दीनानाथचा चेहरा पडला. दिवसभर ऑफिसात तो इतरांच्या चुका दुरुस्त करायचा, आणि त्या शेडमध्ये त्याला स्वतःच्या करता यायच्या. ती गेली तर त्याचं स्वतःचं असं काय उरणार होतं?

"एक चान्स दे," तो म्हणाला.

"दिला. या रविवारपर्यंत शेडमधून एक, फक्त एक, उपयोगाची वस्तू दाखव. व्हॅन कॅन्सल करते."

शनिवारी सकाळी दीनानाथ शेडमध्ये डोकं धरून बसला होता. मनात एक दणकट कामाचं टेबल होतं, पण त्याच्या वरच्या पाटासाठी लाकूड नव्हतं. तेवढ्यात ईशानी आली. दोन घरं सोडून नीना राहायची, आसावरीची मैत्रीण. तिच्याकडे डबा देऊन ईशानी परतली होती.

"बाबा, नीनामावशीने तिचा मोठा फळी काढून टाकला आहे. स्किपच्या बाजूला."

"तिचा नाही, तिची! फळी ती. काढून टाकली आहे. म्हण."

"तिची फळी काढून टाकली आहे."

"शाब्बास! आणि नक्की टाकलीय ना?"

"हो. मावशीने स्वतः सांगितला."

"सांगितलं!" दीनानाथ म्हणाला आणि धावला.

नीनाकडे कॉन्झर्व्हेटरीचं, म्हणजे परसाकडच्या काचेच्या खोलीचं, काम चाललं होतं, म्हणून दारात स्किप होता. त्याला टेकून उन्हात एक फळी उभी होती. सागवानी! सहा फूट लांब, दोन इंच जाड! दीनानाथनं रीतसर बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. तो आणखी पाच मिनिटं थांबला, म्हणजे त्याच्या सभ्यतेबद्दल कुणी शंका घेऊ नये, आणि मग फळी खांद्यावर घेतली.

फळीच्या चारही कोपऱ्यांना एकेक भोक होतं. आता पुण्यात जन्मलेल्या माणसाला चार कोपऱ्यांना चार भोकं असलेली सागवानी फळी बघून काय आठवायला हवं? दीनानाथला पाय आठवले. टेबलाचे पाय. "वा, बोल्टची सोय आयतीच झाली!"

शेडची मागची भिंत साडेचार फुटांची होती. म्हणून त्यानं फळीचा दीड फूट कापला आणि कापलेल्या टोकाला दोन नवी भोकं पाडली. वरचा जुनाट काळपटपणा रंधा मारून काढला. जुन्या पलंगाचे पाय लावले, लाकूड धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस बसवला. कापलेला तुकडाही वाया घालवला नाही, त्याला अकरा भोकं पाडून पटाश्या अडकवायचा रॅक केला. चार वाजता आसावरीला बोलावलं.

तिनं टेबल हलवून बघितलं. हललं नाही. त्यावर जोर देऊन बघितलं. मोडलं नाही.

"अरे, खरंच चांगलं झालंय की!" ती म्हणाली आणि तिथूनच व्हॅनवाल्याला फोन लावून कॅन्सल केलं. दीनानाथला इतका आनंद लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. हे तो बोलला नाही, हा त्या दिवसातला त्याचा एकमेव शहाणपणा.

रविवारी दुपारी नीनाचा फोन आला. "अरे दीनानाथ, तुझा ड्रिल घेऊन ये ना जरा. सगळेच या. बाबा आलेत सांगलीहून, काल हीथ्रो विमानतळावर गेले होते आणायला."

सगळे गेले. सोफ्यावर मुरलीधरकाका बसले होते. वय पंचाहत्तर, अंगात दोन स्वेटर. मांडीवर पितळेच्या चार कड्या आणि साखळ्या घेऊन ते चिंचेनं घासत होते. साखळ्या बघताच दीनानाथनं मनातल्या मनात फळीची चार भोकं मोजली.

"या, या," काका म्हणाले. "झोपाळा टांगणार आहात म्हणे तुम्ही. चाळीस वर्षांचा आहे. मी इकडे राहायला येणार म्हणताना एकच अट घातली, झोपाळा येणार असेल तर येतो. नीनाची आई आणि मी रोज त्यावर बसायचो. भांडण झालं की ती त्या टोकाला, मी या टोकाला. पण झोका घ्यायचा तर दोघांना एकाच वेळी पाय मारावा लागतो ना! दहा मिनिटांत भांडण संपायचं." त्यांनी साखळी खाली ठेवली. "आता ती नाही. निदान तिची जागा तरी शेजारी असावी, असं वाटतं."

दीनानाथनं ड्रिल पाठीमागे धरला.

"पण आत्ता बघते तर फळीच चोरीला गेलीय रे!" नीना रडकुंडीला आली होती. "बोटीनं आली होती, जरा ओलसर वाटली, म्हणून कड्या काढून, पुसून उन्हात उभी केली. ईशानीला म्हटलंसुद्धा, आजोबांसाठी फळी काढून ठेवलीय!"

काढून ठेवलीय. दीनानाथनं हळूच मान वळवून मुलीकडे बघितलं.

"हो," ईशानी उत्साहानं म्हणाली, "मी बाबांना सांगितलं, मावशीने फळी काढून टाक..."

"मी शोधतो!" दीनानाथ ओरडला. "या भागातले सगळे स्किप मला पाठ आहेत!"

आणि खरोखरच तो तासभर हॅरोच्या गल्ल्यांतून फिरला. जी फळी कुठे आहे हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं, ती त्यानं सात स्किपांत वाकून वाकून शोधली. एका बाईंनी चहा विचारला. त्यांच्या मायेनं तो आणखीनच खजील झाला. ठरवलं, परत जायचं आणि काकांचे पाय धरायचे.

परत आला तर नीनाच्या घरात कुणी नव्हतं. सगळे त्याच्याच परसात होते! काकांना बरं वाटावं म्हणून आसावरी त्यांना घेऊन आली होती. "काका, यानं कालच टेबल केलंय. अगदी टाकाऊतून! बघा तरी!"

दीनानाथ शेडच्या दारात आडवा उभा राहिला. "आत धूळ आहे काका. तुम्हाला खोकला होईल."

"सांगलीच्या माणसाला धुळीचं काय सांगता?" म्हणत काका बाजूनं आत शिरले.

त्यांनी टेबल बघितलं. मग सवयीनं त्यावर बसले आणि दोन्ही हातांनी कड धरली. उजव्या हाताची बोटं कडेखाली काहीतरी चाचपू लागली. थांबली.

"नीना," ते म्हणाले, "तू सात वर्षांची असताना खिळ्यानं झोपाळ्याखाली 'नी' कोरला होतास. मी तुला मारलं होतं."

"हो बाबा."

"तो इथे आहे."

फळीखालची जॅमची एक बरणी सुटून खाली पडली.

मग दीनानाथनं सगळं सांगितलं. ठेवणं, टाकणं, बेल वाजवली होती हे दोनदा. आसावरीनं कपाळावर हात मारला. "लिंग सुधारलंस आणि क्रियापद सोडलंस?" नीनाला हसावं की रडावं कळेना.

"उरलेला तुकडा कुठाय?" काकांनी विचारलं.

दीनानाथनं खाली मान घालून भिंतीवरचा रॅक दाखवला. अकरा भोकं, अकरा पटाश्या, टोकं खाली. काकांनी एका पटाशीचं टोक बोटानं चाचपलं. दीनानाथला वाटलं, आता हे रडणार, आणि मग मीही रडणार.

"तिचीच बाजू कापलीत," काका म्हणाले. "चाळीस वर्षं ती मला टोचून बोलली. त्या बाजूला पटाश्याच शोभतात!" आणि ते असे हसले की दुसरी बरणीही पडली.

फळी परत द्यायची हे ठरलंच होतं. रॅकही काकांनी मागून घेतला. काठी, छत्री, चष्मे अडकवायला तो त्यांच्या खोलीत लावायचा होता. दीनानाथनं सोमवारी टेबल खोललं. आता शेडमध्ये उपयोगाची म्हणावी अशी एकही वस्तू उरली नाही.

"आता बघते मी काय करायचं ते," आसावरी एवढंच म्हणाली. दीनानाथनं तिचा चेहरा नीट वाचला नाही, कारण तो ईशानीचं मराठी दुरुस्त करण्यात गुंतला होता.

"टाकलं चूक! काढून ठेवलं! वीस वेळा लिही!"

ईशानीनं वीस वेळा लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

पुढच्या शनिवारी कॉन्झर्व्हेटरीत झोपाळा टांगला गेला. काकांनी पहिला झोका घेतला, डोळे मिटले, आणि दीनानाथला आठवडाभरात प्रथमच हलकं वाटलं. इतक्यात ईशानी धावत आली.

"बाबा! आईने शेडमधला सगळा सामान काढून ठेवला!"

"सगळं सामान. ते सामान! काढून ठेवलं!"

"सगळं सामान काढून ठेवलं!"

दीनानाथचा ऊर भरून आला. एक तर मुलगी सुधारली, आणि दुसरं, आसावरी विरघळली! बिचारीनं एकटीनं सगळं आवरून, पुसून, नीट लावून... त्यानं चहाचा घोट घेतला. "दमली असेल गं आई."

"नाही, व्हॅनवाल्या अंकलनी ठेवलं."

दीनानाथनं कप खाली ठेवला आणि घराच्या इतिहासात प्रथमच मुलीला इंग्रजीत विचारलं, "ईशानी, व्हेअर इज इट नाऊ?"

"ॲट द टिप, बाबा," ती म्हणाली. "टाकलं म्हणायचं नाही ना?"

इंग्रजीत काहीही गोंधळ नव्हता.

मुरलीधरकाकांनी झोका थांबवला आणि जरासे बाजूला सरकले.

"बसा," ते म्हणाले. "जागा कमी आहे, पण ती तुम्हीच कमी केलीय."

दीनानाथ अर्धा बसला.