भरल्या गाडीची वाट

त्या रविवारी अंबुबाईंच्या सोप्यात सून आणि जावई एकाच वेळी लंगडत आले. दोघांच्याही अंगावर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे होते. सून सुवर्णा बेळगावात बँकेत नोकरीला. रोज पहाटे गावच्या डोंगरावर पळायला जायची. जावई दिग्विजय टिळकवाडीचा. दर रविवारी डांबरी रस्त्यानं सायकल वर न्यायचा आणि पायवाटेनं, दगडांवरून उडवत खाली आणायचा. पायवाट एकच, आणि तिची रुंदी एका म्हशीची. सून वर चालली होती, जावई खाली येत होता, आणि बाजूला कुणीच झालं नव्हतं.

"आत्ती, मी चढणीला होते. चढणाऱ्याला वाट द्यायला नको?" सुवर्णा म्हणाली.

"मामी, उतरणीला सायकल थांबत न्हाय. पळणारा माणूस थांबतोय की," जावई म्हणाला.

अंबुबाई शाळेत दोन वर्षं गेल्या होत्या, तीही मास्तरांनी ओढून नेलं म्हणून. पण भावकीचे तंटे तोडायला अख्खं गाव त्यांच्याकडे यायचं. आज मात्र पंचाईत होती. सुनेची बाजू घ्यावी तर जावई रुसणार, जावयाची घ्यावी तर सकाळचा चहा बंद. त्यांनी सासऱ्यांच्या काळातला बैलगाडीचा कायदा बाहेर काढला.

"भरल्या गाडीला रिकाम्या गाडीनं वाट द्यायची. वझं ज्याचं जास्त, वाट त्याची. मिटलं."

मिटलं कुठलं, तिथनंच पेटलं. पुढच्या रविवारी सुवर्णा पाठीवरच्या पिशवीत गुळाची भेली घालून पळाली. ते कळल्यावर जावयानं सासूकडून बटाट्याचं पोतं मागून घेतलं. जावयाला आपल्या रानातले बटाटे आवडतात म्हणून अंबुबाई दोन दिवस फुलून गेल्या होत्या. मग डोंगरावर पळणाऱ्या बाकीच्या बायकांनी तांदूळ बांधले, सायकलवाल्यांनी वरवंटे आणि कुणी तर गॅसची रिकामी टाकी. महिन्याभरात व्यायामाला निघालेली माणसं संकेश्वरच्या बाजाराला निघाल्यासारखी दिसू लागली. वाट सगळ्यात अरुंद होते तिथल्या जांभळीला कुणीतरी ताणकाटाही टांगला.

अशात डोंगराईची यात्रा आली. देवीला पहिला निवद अंबुबाईंच्या घरचा, हा तीन पिढ्यांचा मान. अट एकच. देवळाच्या उंबऱ्याला ऊन लागायच्या आत निवद पोचला पाहिजे, नाहीतर मान भावकीतल्या मालुबाईच्या घरी जाणार. मालुबाई दरवर्षी मागून सावकाश यायची, एक डोळा वाटेवर आणि एक उन्हावर.

अंबुबाई शहापुरी लुगडं नेसून, डोक्यावर निवदाची बुट्टी घेऊन निघाल्या. जांभळीपाशी पोचल्या तर वाट तुंबलेली. खालून पळणाऱ्या, वरून सायकलवाले, आणि मधे गुळाची भेली काट्याला लोंबकळत होती. जावई म्हणत होता की सायकलीचं वजनही धरा; सुवर्णा विचारत होती की बैलगाडीत बैलाचं वजन कधी धरलंय का. ऊन समोरच्या टेकाडावरून खाली सरकत होतं.

"व्हा बाजूला. देवीचा निवद हाय," अंबुबाई म्हणाल्या.

जावई अदबीनं पुढे आला. "मामी, कायदा तुमचाच. बुट्टी जरा काट्याला लावू का?"

पाच पोळ्या, वाटीभर आमटी, एक नारळ. वजन भरलं दोन किलो. त्या वाटेवर अंबुबाईंएवढं हलकं त्या दिवशी कुणीच नव्हतं. अंबुबाईंनी आयुष्यात दिलेला निवाडा कधी फिरवला नव्हता, आणि मान तर त्याहून मोठा. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे.

"पाव्हणं, बटाटं कुणाच्या रानातलं?"

"तुमच्याच."

"आणि सुवर्णा, गूळ कुणाच्या घरचा गं?"

"आपल्याच, आत्ती."

"मग वझं माझं झालं. गाडी माझी झाली. तुम्ही दोघं माझं बैल. आणि बैल एका जुवाला जुपत्यात, एकमेकाच्या टकुऱ्याला न्हाय. फिरवा तोंडं वर."

हसायला वेळच नव्हता. बुट्टी घेऊन सुवर्णा पुढे पळत सुटली, मागं पोत्यासकट सायकल ढकलत जावई, त्याच्या मागं पदर खोचून अंबुबाई, आणि काय चाललंय ते बघायला सगळी फौज. निवद देवीपुढं टेकला तेव्हा ऊन वरच्या पायरीवर होतं. उंबरा अजून चार बोटं लांब.

अंबुबाई रिकामी बुट्टी घेऊन राणीसारख्या उतरू लागल्या. जांभळीपाशी समोरून मालुबाई आली, डोक्यावर भरलेली बुट्टी. मागं सून, जावई, सगळी फौज थबकली. सगळ्यांचे डोळे अंबुबाईंच्या रिकाम्या बुट्टीवर होते.

अंबुबाई करवंदीच्या जाळीत शिरल्या. काट्यानं लुगडं धरलं.

"तीस वर्सांत पहिल्यांदा वाट दिलीस की गं," मालुबाई जाता जाता म्हणाली.

जाळीत करवंदं काळीभोर पिकली होती. अंबुबाई खाली मान घालून तोडत राहिल्या. खालून निवद घेतलेली दुसरी बाई येताना दिसली, तेव्हा त्या वाटेवर आल्या आणि शिगोशीग भरलेली बुट्टी त्यांनी डोक्यावर ठेवली.

"थांब गं तिथंच," त्या म्हणाल्या. "भरली गाडी येतीया."