बॅटरी शंभर टक्के

भिंतीतलं एक साधं सॉकेट.

चार शर्ट, घडी न मोडलेले.

घासायच्या यंत्रात अर्धवट राहिलेली एक काच, उणे साडेतीन नंबरची.

‘तीन मिनिटं काही कळलं नाही, तर घात झाला असं समजावं.’

आता नीट सांगायचं तर, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात सर्व्हर एकच, आणि हजारो डोळ्यांचे नंबर त्याच्या पोटात. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे अखंडराव म्हणत. वीज अखंड राहावी, एवढा एकच ध्यास! वीज गेली की सर्व्हरला तगवणारा यूपीएस त्यांनी तान्ह्या बाळासारखा जपला होता. त्याच्यापायी चार वर्षांत एक रजा नाही. बायको माहेरी एकटी जायची, एकटी यायची.

यंदा मात्र त्यांनी यूपीएसला नेटवर्कची तार जोडली. आता बाळाची नाडी मोबाइलवर!

“साहेब, परवा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिलाय. पण काळजी सोडा! मी जगाच्या टोकाला असलो तरी...”

“अहो, त्या अर्जाचं म्हणाल तर...”

“अर्ज राहू द्या हो! आधी प्रयोग बघा. मी घरी जातो. एकच्या ठोक्याला तुम्ही ऑफिसचा मेन स्विच बंद करा. वीज गेली, हे मी घरबसल्या सांगतो!”

“काही गरज नाहीये त्याची.”

“साहेब, विश्वास असा फुकट घेऊ नये. तो कमवावा.”

साहेब मेन स्विच कुठे आहे ते बघायला उठले.

एक वाजता अखंडराव घरी खुर्चीत ताठ बसले. हातात मोबाइल, शेजारी बायको, पुढ्यात भरलेली बॅग.

१.०१. वीज सुरू. बॅटरी शंभर टक्के.

“साहेब, करा ना बंद!” अखंडराव फोनवर म्हणाले.

“केला की!”

“नाही केलेला. मला दिसतंय ना इथे, दिवे चालू आहेत तुमचे.”

“अहो, मी अंधारात उभा आहे!”

“साहेब, नीट बघा.”

“अंधारातल्या माणसाला नीट बघा काय सांगता?” बायको म्हणाली.

१.०३. वीज सुरू. बॅटरी शंभर टक्के.

“बघ, किती ठाम आहे!” अखंडराव म्हणाले.

१.०४ ला फोनमधून घासणी विभागाच्या बाईंचा आवाज आला. त्या विभागाची वीज वेगळी, तिथे काम चालूच होतं. आतापर्यंत!

“साहेब, यंत्रं थांबली! नंबरच येत नाहीयेत!”

घडलं ते असं. यूपीएसच्या बातम्या मोबाइलला आणि सर्व्हरलाही पोचवणारी नेटवर्कची छोटी पेटी अखंडरावांनी भिंतीतल्या सॉकेटात खुपसली होती. बाळाच्या डोक्यावर उगाच भार कशाला! वीज गेली, पेटी गेली. यूपीएस “वीज गेली हो!” म्हणून बोंबलत राहिला, पण निरोप नेणाराच आडवा झालेला. मोबाइल शेवटची बातमी कवटाळून बसला. आणि सर्व्हरने यूपीएसच्या निरोपाची तीन मिनिटं वाट पाहिली, अखंडरावांनी स्वतः लिहून ठेवलेला हुकूम आठवला, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असताना, सगळं शिस्तीत आवरून, स्वतःला बंद करून घेतलं.

“साहेब, मेन स्विच चालू करा!”

“केला. दिवे आले. सर्व्हर नाही आला.”

१.०९. वीज सुरू. बॅटरी शंभर टक्के.

आता मात्र ते खरं होतं.

“त्याचं बटण दाबावं लागेल साहेब. आत, खोलीत.”

“खोलीला कुलूप आहे. किल्ली कुठाय?”

अखंडरावांनी खिसा चाचपला. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बॅग उघडली आणि त्यांचे चार शर्ट काढून परत कपाटात ठेवले.

“अगं, थांब तरी!”

“तुम्ही निघा. बस चुकेल.”

दोन बस बदलून अखंडराव पोचले. बटण दाबलं. यंत्रं घरघरली. दारात साहेब उभे.

“पेटीची जागा तेवढी चुकली, साहेब. उद्या परत एकदा प्रयोग...”

“आठ दिवस तुम्ही नसताना हे बटण कोण दाबणार?” साहेबांनी शांतपणे विचारलं, खिशातून एक कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले.

प्रयोग बुधवारी झाला. अर्जावर मंजुरीची सही मंगळवारची होती.