गेडिसांचा खोटा डोंगर

“हा डोंगर खोटा आहे,” क्रिस्पिन व्हिटली म्हणाला. “लांबून कळतं.”

सोमवारच्या बैठकीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी लावली होती आणि क्रिस्पिनचं बोट डावीकडच्या चित्रावर होतं. पंचाईत एवढीच होती की डावीकडचा डोंगर खरा होता. तो डनेडिन शहराहून वर, मिडलमार्च गावाच्या वाटेवर कधीपासूनचा उभा होता आणि कर्स्टी गेडिसच्या वडिलांनी घराच्या मागच्या दारातून त्याचा फोटो काढला होता. उजवीकडचा डोंगर कर्स्टीने स्टुडिओतल्या गेम इंजिनात, म्हणजे खेळाचं जग उभं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रचलेला होता.

कोणतं चित्र कशाचं, हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण तिथे अक्षरं लावायला क्रिस्पिनची बंदी होती. “अक्षर दिसलं की नजर मरते,” असं तो म्हणे. तो स्टुडिओचा कलादिग्दर्शक होता. ओळख करून देताना मात्र ‘मी जगं घडवतो’ असं सांगे. इंजिन उघडायचं कसं, हे त्याला येत नव्हतं आणि ते न येणं हाही तो प्रतिभेचाच भाग समजे. घराबाहेरच्या जगाशी त्याचा संबंध गाडीच्या काचेतून येई तेवढाच. पायात मात्र मेंढपाळ घालतात तसे जाड कातडी बूट असत. त्यांना चिखल कसा असतो ते माहीत नव्हतं.

“मेंढ्या बघा,” क्रिस्पिन म्हणाला. “झाडून सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या. एक बनवली आणि बाकीच्या छापल्या. मेंढीला काय स्वतःचा स्वभाव नसतो?”

वारा भणाणत असला की मेंढ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात, हे कर्स्टीला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. 

“आणि हा ढग! आभाळात कुणी बशी विसरून गेलंय का? असा ढग असतो कुठे?”

वायव्येचा वारा सुटला की तो ढग डोंगरावर येऊन बसे आणि दिवसभर हलत नसे. कपडे वाळत घालायचे की नाही ते मिडलमार्चची माणसं त्याच्याकडे बघून ठरवत.

“आणि इथे, कोपऱ्यात, हा तांबूस गोळा काय आहे? इथे चित्र फाटलंय. अशी चूक माणूस करूच शकत नाही. ही यंत्राची चूक.”

तो कर्स्टीच्या वडिलांचा अंगठा होता.

मग क्रिस्पिन उजवीकडे वळला आणि त्याचा आवाज देवळात आल्यासारखा खाली आला. “आता हा फोटो बघा. संध्याकाळचं ऊन बघा. मेंढ्या कशा पांगल्यात, प्रत्येक आपापल्या विचारात. निसर्ग कधी खोटं बोलत नाही. कर्स्टी, तुझा डोंगर याच्यासारखा का दिसत नाही?”

डाव्या चित्रातलं वाकडं कुंपण त्याला निष्काळजीपणा वाटलं होतं. उजव्या चित्रातल्या त्याच वाकड्या कुंपणात त्याला आता जिवंतपणा दिसला.

कर्स्टीने तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून तिच्या घोट्यावर एक लाथ बसली. लाथ रेवीची होती. रेवी इंजिनाची आतली व्यवस्था बघायचा आणि चित्रंही त्यानेच लावली होती. त्याने डोळ्यांनीच टेबलाच्या टोकाकडे खूण केली. तिथे ऑकलंडहून आलेल्या कोरली हॅडो बसल्या होत्या. गेमला पैसा त्यांच्या कंपनीचा होता. खेळाची सुरुवात कर्स्टीच्या डोंगरावर करायची की क्रिस्पिनच्या लाडक्या जांभळ्या दरीत, ते शुक्रवारी त्या ठरवणार होत्या. एकच ठेवायचं होतं. दुसरं कायमचं पुसलं जाणार होतं.

हॅडोबाई मान डोलावत होत्या. “खरंय,” त्या म्हणाल्या. “डावीकडचं बघून काहीच वाटत नाही. प्लॅस्टिक आहे.”

चहाच्या कोपऱ्यात रेवीने कर्स्टीच्या हातात कप दिला.

“लाथ का मारलीस?”

“मग काय, त्याचं हसं होऊ देणार होतीस? तेही पाहुणीसमोर? संध्याकाळच्या आत तुझा डोंगर कचऱ्यात गेला असता, बाई. धुकंवालीचं काय झालं, विसरलीस?”

कर्स्टी विसरली नव्हती. क्रिस्पिनने ज्या धुक्याची तासभर तारीफ केली ती पडद्यावरची धूळ होती, हे त्याला फडक्याने पुसून दाखवणारी मुलगी आता वेलिंग्टनला एका बँकेत काम करत होती.

“पण त्याला माझा डोंगर फोटो वाटला, रेवी.”

“हुरळून जाऊ नकोस. फोटो त्याला डोंगर वाटला नाही, हेही बघ.”

कर्स्टीला हुरळायला तशी फुरसत नव्हती. वडील शरद ऋतूत गेले होते. भावाने हिवाळ्याच्या तोंडावर जमीन पाइनची लागवड करणाऱ्या एका कंपनीला विकली, कारण मेंढ्या सांभाळायला तो सिडनीहून येणार नव्हता आणि तीही डनेडिन सोडणार नव्हती. भांडण झालं नाही. कागद आले, तिने सह्या केल्या. त्यानंतर ती विमानातून मोजलेले उंचीचे सरकारी आकडे घेऊन बसली आणि तिने तो डोंगर इंजिनात उभा केला. पिवळ्या गवताचा झुपका न् झुपका हाताने लावला; दव उशिरापर्यंत राहतं त्या बाजूला जरा दाट, वाऱ्याच्या बाजूला विरळ. ऑफिसात कुणी विचारलं नाही म्हणून तो कुणाचा ते तिने सांगितलं नाही. रेवीला कळलं होतं, पण रेवी न विचारता समजून घेणाऱ्यांपैकी होता.

“बुधवारपर्यंत डावं उजव्यासारखं करून दाखव म्हणालाय तो,” ती म्हणाली.

“मग सोपं आहे की. उजवंच दाखव.”

“आणि त्याच्या शेजारी फोटो मागेल त्याचं काय? त्याला शेजारीशेजारीच लागतं सगळं.”

रेवीने चीज रोलचा मोठा घास घेतला आणि तो संपेपर्यंत विचार केला. “तेही उजवंच दाखव,” तो म्हणाला.

बुधवारी भिंतीवर एकच चित्र दोनदा लागलं. तीच संध्याकाळ, त्याच मेंढ्या, तेच कुंपण.  हा पोरखेळ आता उघडा पडणार, क्रिस्पिन हसणार किंवा ओरडणार आणि डोंगर जाणार, याबद्दल कर्स्टीच्या मनात शंका उरली नव्हती.

क्रिस्पिन उठला. पडद्याजवळ गेला, मागे आला, एक डोळा मिटून बघितलं.

“जवळ आलीस,” तो म्हणाला. “खूप जवळ आलीस. पण फरक आहे.”

“कुठे?” रेवीने विचारलं. त्याला राहवलं नाही.

“तुला नाही दिसणार. नजर लागते. उजवीकडच्या गवतात श्वास आहे. डावीकडचं गवत नुसतं उभं आहे. कोरली, तुम्हाला काय वाटतं?”

हॅडोबाईंनी चष्मा लावला. “डावीकडे जरा गार वाटतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच गळ्यातला स्कार्फ आवळून घेतला. “आणि ही मेंढी. उजवीकडे ती जास्त समाधानी आहे.”

“बघ!” क्रिस्पिन म्हणाला. “मेंढीचं समाधान. हे आकड्यांतून येत नाही, कर्स्टी. हे जागेवर जाऊन अंगात भिनवावं लागतं. फोटो कुठला आहे?”

“मिडलमार्चच्या जरा अलीकडचा.”

“उद्या जाऊ. सगळे. मला ती माती पायाखाली हवी.”

हॅडोबाईंना कल्पना फार आवडली. मात्र त्यांनी जाता जाता एक सांगितलं: तिथे जाऊनही डोंगर जमत नसेल तर जांभळी दरी आहेच, तिच्यात निदान खऱ्याची बरोबरी करायचा प्रश्न येत नाही.

जमीन विकल्यापासून कर्स्टी तिकडे फिरकली नव्हती. गाडीत ती मागे बसली आणि रेवीने वाटेत एकदाही तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही. पुढे क्रिस्पिन हॅडोबाईंना निसर्गात राहिल्याने माणूस कसा नम्र होतो ते सांगत होता. खिडकी त्याने बंद केली होती, कारण वाऱ्याने त्याचे कान दुखत.

फाटक नवं होतं, लोखंडी, कुलूपबंद. चौघे खाली उतरून फाटकाशी उभे राहिले. वर डोंगर होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गवत खरवडून काढलेलं होतं आणि उघड्या मातीच्या पट्ट्यांत पाइनची रोपं लावली होती. सगळी एका उंचीची, एका अंतरावर, शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी. मेंढी एकही नव्हती.

क्रिस्पिन पुढे सरसावला. “हे कुणी केलं?” तो ओरडला. “ही काय रीत झाली? जमिनीचा उतार बघितला नाही, वारा कुठून येतो ते बघितलं नाही, बटण दाबलं आणि रांगा उगवल्या! माझ्याकडे कुणी असं काम केलं असतं ना, तर मी त्याला दारातून बाहेर काढलं असतं!”

डोंगराबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला होता. ते त्याच्याच तोंडून ऐकावं लागलं, हे कर्स्टीला फार लागलं. तिने फाटकाचा गज धरला. गज गार होता.

“काय करायचं मग?” हॅडोबाईंनी विचारलं.

क्रिस्पिनने खिशात हात घातले आणि वाऱ्याला पाठ करून तो विचारात पडला. “आपण वास्तवाशी बांधील आहोत,” तो शेवटी म्हणाला. “वाईट असलं तरी वास्तव ते वास्तव. डोळ्यांनी बघितलंय आता. कर्स्टी, गवत काढून टाक. झाडं घाल. अशीच, रांगेत.”

“नाही घालणार,” कर्स्टी म्हणाली.

“काय?”

“ते गवत मी लावलंय. तू ज्याला फोटो म्हणतोस तो फोटो नाही, क्रिस्पिन. तो मी रचलेला डोंगर आहे. सोमवारी तू ज्याला प्लॅस्टिक ठरवलंस तो फोटो. आणि बुधवारी दोन्हीकडे एकच चित्र होतं.”

क्रिस्पिन आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “प्लॅस्टिक असं कोरली म्हणाल्या होत्या,” तो म्हणाला. “आणि तो बशीसारखा ढग? फोटोत?”

“असतो तो तिथे.”

“आणि तो तांबूस गोळा?”

“बाबांचा अंगठा आहे तो. फोटो त्यांनी काढला होता. हा डोंगर आमचा होता. ते शरदात गेले.”

 मग क्रिस्पिनने हॅडोबाईंकडे बघितलं आणि हॅडोबाईंनी क्रिस्पिनकडे. आजारी माणसाच्या उशाशी नातेवाईक एकमेकांकडे बघतात, तसं. हॅडोबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“अगं बाळा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कर्स्टीचा हात गजावरून सोडवून आपल्या हातांत घेतला. “वडिलांचा अंगठा दिसतो तुला त्यात?”

“दिसतो म्हणजे? आहेच तो.”

“हो हो. आहे. आहेच.”

“ती खरं बोलतेय,” रेवी पुढे होत म्हणाला. “चित्रं मीच लावली होती. मला माहितेय—”

“मैत्रिणीला सांभाळून घेतोयस. चांगला आहेस तू, रेवी,” क्रिस्पिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पण अशा वेळी होकारात होकार मिळवू नये. माझी एक मावशी होती, ती काका गेल्यावर टोस्टरशी बोलायची. आम्ही सगळे हो म्हणत गेलो, शेवटी फार अवघड झालं.” मग तो कर्स्टीकडे वळला आणि ती त्याच्या हाताखाली आल्यापासून पहिल्यांदाच मृदू आवाजात बोलला. “माझीच चूक. घरात असं झालेलं असताना तुला त्या फोटोची बरोबरी करायला लावली. कुणाला जमलं असतं? मला स्वतःला जमलं नसतं.”

“क्रिस्पिन, ऐक. तू स्टुडिओत चल, मी इंजिन उघडून तुला त्या डोंगरावर चालून दाखवते—”

“नक्की दाखव. बरं वाटेल तुला.”

हॅडोबाई डोंगराकडे बघत होत्या. रोपांच्या रांगा वाऱ्यात एकदम हलत होत्या, सगळ्या एकाच बाजूला. त्यांनी नाक पुसलं आणि पैसा देणाऱ्या माणसाचा आवाज परत आणला.

“मी ठरवलं,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारची वाट बघायची गरज नाही. दरी गेली. खेळ याच डोंगरावर सुरू होणार, आणि आत्ता समोर आहे तसा नाही. त्या उजवीकडच्या फोटोत आहे अगदी तसा. गवताची काडी इकडची तिकडे झालेली मला चालणार नाही. क्रिस्पिन, तुम्ही यात बोट घालायचं नाही.”

“पण जांभळी दरी—”

“गेली म्हटलं ना.”

क्रिस्पिन गाडीकडे चालू लागला. फाटकापाशी गुरांच्या पाण्याची जागा होती, तिथे त्याचा एक पाय घोट्यापर्यंत रुतला. त्याने तो उपसून काढला. मागे मात्र बघितलं नाही.

“आणि तू,” हॅडोबाई कर्स्टीला म्हणाल्या, “ऑफिसात येऊ नकोस काही दिवस. घरी बस, सावकाश कर, कुणी घाई करणार नाही. फोटोसारखा हुबेहूब करायचा म्हणजे काम सोपं नाही, मला कळतं. महिनाभरात होईल?”

कर्स्टीने रेवीकडे बघितलं. रेवीने तोंड फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

“पूर्ण महिना लागेल,” ती म्हणाली. “पण करते.”