हातावर पाणी

"हात धुतल्याबिगर कोनी आत येनार नाई. डॉक्टर आले तरी नाई," खैरुन सिस्टरने दसरू शिपायाला बजावलं आणि बादलीशेजारी लाल साबण ठेवला.

१९९४चा उन्हाळा होता. आलापल्लीकडच्या जंगलातलं ते सोळा खाटांचं सरकारी रुग्णालय. सुया स्टोव्हवर उकळायच्या, त्या पाण्याची रटरट दिवसभर ऐकू यायची. आता सगळं पाकिटातून येतं. सोय झाली, पण ती रटरट गेली याचं वाईट वाटतं खरं.

मागच्याच महिन्यात एका बाळाची नाळ पिकली होती. ते वाचलं, पण चार रात्री खैरुनच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून कोलू मडावीच्या पावणेदोन किलोच्या नातवाला ती जिवापाड जपत होती. सून आणि बाळ आठ दिवस इथेच राहायला हवे होते. कोलू मात्र रोज विचारी, "बाई, घरी नेऊ का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बैलबंड्या आल्या. नातू पाहायला कोलूचे सतरा सगेसोयरे उतरले. दसरू तांब्याने पाणी घालत होता आणि खैरुन एकेकाची नखं तपासत होती.

"कोपरापर्यंत घासा! आजी, धोतराले, लुगड्याले पुसू नका कोनी. ओलेच ठेवा हात."

सगळ्यांनी निमूटपणे ऐकलं. खैरुन खूश होऊन बाळाला आणायला आत गेली. एवढ्यात दसरू धावत आला.

"बाई, मानसं ओसरीत पंगत धरून बसले!"

"काऊन?"

"तुमी हातावर पानी दिलं ना त्याइले."

खैरुनने कपाळाला हात लावला. तिला हे कळायला हवं होतं. नागभीडला तिच्या माहेरीही पाहुण्याच्या हातावर पाणी घातलं की पाठोपाठ ताट येई. पण पांढरी साडी अंगावर चढली की तिला जंतूंपलीकडे काही दिसत नसे.

"सांग त्याइले, जेवन नाई म्हनून."

"मी नाई सांगत. हात धुवाले लावून उपाशी उठवलं, तं कोलूभाऊ आत्ताच्या आत्ता सुनेले बंडीत घालून नेते."

बाळ बंडीतून बारा मैल धुळीत जाणार, या विचारानेच खैरुन स्वयंपाकघरात पळाली.

"सतरा?" स्वयंपाकीण वच्छलाबाई पळी घेऊन ओरडली. "नऊ पेशंटचा भात आहे माह्या गंजात!"

शेवटी खैरुनच्या क्वार्टरमधला तांदळाचा डबा रिकामा झाला. वच्छलाबाईने वरणात दोन तांबे पाणी ओतलं, दसरूने पळसाच्या पत्रावळी आणल्या. दुपारच्या फेरीला आलेले डॉक्टर पंगत बघून दारातच थबकले. खैरुनने त्यांना आधी हात धुवायला लावले. धुऊन होताच एका म्हातारीने सरकून त्यांना जागा करून दिली. डॉक्टरही मुकाट्याने भात कालवू लागले.

जेवणं उरकली. आता बाळ दाखवायचं, तर हात पुन्हा खरकटे! खैरुन साबण घेऊन पुढे आली.

"चला, परत हात धुवा सगळे."

कोलू दोन पावलं मागे सरकला. "नाई बाई! पोट फुटन आता. मानसं उद्या येतीन पोराले पाहाले."

बघता बघता बंड्या जुंपल्या गेल्या. बाळाला कोणाचं बोटही लागलं नाही. जाताना कोलू सुनेला म्हणाला, "राह्य आठ दिवस. सतरा मानसाले जेवू घालनारी बाई तुले काय कमी पडू देते?"

खैरुन त्या दुपारी उपाशीच राहिली. पण नोकरीतला तेवढा सुखाचा दिवस तिला दुसरा आठवत नाही.

चौदा वर्षांनी, खैरुन निवृत्त झाल्यावर, कोलूने तिला निरोप धाडून गावी बोलावलं. तिथे पोचेपर्यंत एसटीच्या धक्क्यांनी आणि भुकेने ती अर्धी झाली होती. अंगणात म्हाताऱ्या कोलूने स्वतः तिच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला. खैरुनने हात धुतले, ओलेच ठेवले आणि चटईवर मांडी घालून ती ताटाची वाट पाहू लागली.

कोलू घरातून फडक्यात गुंडाळलेली चार दिवसांची नात घेऊन आला.

"जेवन मंग, बाई. आधी हिले घ्या," तो म्हणाला. खैरुनने हात पुढे केले, तसा तो थांबला.

"थांबा. पयले नखं दाखवा."