निळा ड्रम आणि भिवराकाकूंचा डोह

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना पुरेल असा एकच डोह होता. त्यात भिवराकाकू नावाची बेडकी राहायची. त्या वर्षी काकूंना एकशे बारा पिल्लं होती. सगळ्यांना अजून शेपट्या होत्या, पाय फुटायचे होते.

उन्हाळ्यात डोह आटतो, म्हणून पाणी साठवायचं ठरलं. पाणी समितीचे अध्यक्ष दामोदरराव रानडुक्कर. त्यांनी शेताच्या बांधावरून एक निळा ड्रम लोळवत आणला. ड्रमवर कवटीचं चित्र होतं.

"अहो, हा फवारणीच्या औषधाचा आहे," भिवराकाकू म्हणाल्या. "ते प्लास्टिकच्या अंगात मुरतं. कितीही घासा, निघत नाही. भोकं पाडा नि कामातून घालवा."

"भोकं पाडली तर पाणी कुठं राहील, काकू? तुमच्या डोक्यात?" दामोदरराव म्हणाले.

समितीचे सचिव सदूभाऊ कोल्हे मोठ्यानं हसले. ते एकदा माणसांच्या गावाजवळून गेले होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. "तीनदा धुवायचं. आधी राख, मग चिंच, मग कडुनिंब. शास्त्र आहे ते!"

"मग लांब नेऊन धुवा. माझी पिल्लं आहेत इथं. आठ दिवस थांबा, पाय फुटले की मी त्यांना घेऊन निघून जाते."

"उद्या ड्रमच्या उद्घाटनाला बिबटेसाहेब यायचेत," दामोदरराव म्हणाले. " साहेबांना काय सांगू, बेडकाला पाय फुटायचे राहिलेत म्हणून?"

ड्रम डोहातच बुडवला. सर्वांत आधी कवटी घासून काढली, कारण ती फार वाईट दिसत होती. मग आत राख टाकून हलवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बघा, मळ कसा सुटतोय!" सदूभाऊ म्हणाले.

चिंचेपर्यंत पिल्लांची धावपळ चालू होती. कडुनिंबाच्या वेळी डोह अगदी शांत झाला.

दुसऱ्या दिवशी ड्रमला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि डोहातलंच पाणी त्यात भरलं. बिबटेसाहेबांनी ड्रम हुंगला. "कडुनिंबाचा वास येतोय. उत्तम!" त्यांनी पाणी मात्र घेतलं नाही. त्यांना पुढच्या जंगलात जायची घाई होती.

भिवराकाकू एका पानावर एक पिल्लू घेऊन आल्या. "साहेब, बघा. एकशे बारा होती."

साहेबांनी डोहाकडे पाहिलं. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. साहेबांनी नाक मुरडलं.

"ही घाण कुणाची?"

"त्यांची," दामोदरराव तत्परतेनं म्हणाले. "त्यांच्या घरची आहेत."

त्याच आठवड्यात ड्रमचं पाणी पिऊन अर्धं जंगल उलट्या करू लागलं. समितीनं बसल्या बैठकीत कारण शोधलं. पाणी डोहाचं होतं आणि डोह काकूंच्या पिल्लांनी नासवला होता. ड्रम तर तीनदा धुतलेला! भिवराकाकूंना नोटीस निघाली: डोह रिकामा करून घासून द्यावा आणि जंगल सोडावं.

सदूभाऊंना अंथरुणात पडल्या पडल्या नोटीस वाचून बरं वाटल्यासारखं झालं. दामोदरराव दुसरा ड्रम आणायला बांधाकडे गेले.

तात्पर्य: मुलांनो, पाणी भरण्याआधी ड्रम नेहमी धुवावा, आणि तो अशा जागी धुवावा जिथं आधीच कुणीतरी ओरडून नको म्हणालेलं असेल. पुढं काही बिघडलं, तर दोष द्यायला तेच माणूस हाताशी असतं.